आईच्या तोंडाला कोरड पडते त्याबद्दल

ती. आई-बाबांस,
शि. सा. न.

आई, फोनवर बोलताना तुझी जीभ टाळूला चिकटते ते मला इथे पुण्यात ऐकू येतं. दोन वाक्यं झाली की 'चट्', मग पाण्याचा घोट. तू म्हणतेस, वय झालं. नुसत्या वयाने एवढी कोरड पडत नाही गं. वयाबरोबर गोळ्या वाढतात, बहुतेकदा त्यांनी पडते. पायांच्या जळजळीसाठी रात्री घेतेस ती अमिट्रिप्टिलिन, सारखं लघवीला लागतं म्हणून सुरू झालेली गोळी आणि सर्दीची सेटिरिझिन, तिन्हींनी तोंड सुकतं. दिल्या वेगवेगळ्या डॉक्टरांनी, एकत्र कुणी पाहिल्याच नाहीत.

बाबा, हे काम तुमचं. सगळी पाकिटं एका पिशवीत भरा आणि चिपळूणला डॉक्टरांच्या टेबलावर ओता. साखरही तपासून घ्या, ती वाढली तरी तोंड कोरडं पडतं. आईच्या डोळ्यांत वाळू गेल्यासारखं टोचत असेल तर तेही सांगा. लाळेच्या आणि अश्रूंच्या ग्रंथी एकदम सुकवणारा एक आजार असतो. मात्र आपल्या मनाने एकही गोळी बंद करायची नाही.

आता भांडणाचा विषय, आमसूल. तोंडाला पाणी सुटतं म्हणून तू दुपारभर गालात धरून बसतेस. धडधाकट माणसाच्या तोंडात दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ येते, ती आंबटपणा मारते आणि दात धुऊन काढते. तुझ्याकडे नेमकी तीच कमी, म्हणजे ते आम्ल दातांवर तसंच बसून राहतं. खडीसाखर त्याहून वाईट. मे महिन्यात बॅटरी धरून पाहिलं तेव्हा खालच्या दातांना हिरडीलगत तपकिरी खळगे दिसले होते, ते याचेच असणार. सोलकढी जेवणात खुशाल घे, चघळणं तेवढं सोड. मिश्रीवर मी काही बोलणार नाही, बाबा बोलतील.

त्याऐवजी चघळायला झायलिटॉलच्या, म्हणजे साखरेऐवजी वापरतात त्या गोडव्याच्या, बिनसाखरेच्या गोळ्या पाठवतेय. जास्त खाल्ल्या तर पोट बिघडेल. आणि मोत्याला चुकूनही देऊ नका, कुत्र्यांना झायलिटॉल विषारी असतं.

वरची कवळी हल्ली सुटते, कारण ती लाळेच्या ओलाव्यावरच चिकटून असते. रात्री काढ, घासून पाण्यात ठेव. टाळू लाल होऊन आग होत असेल तर बुरशी असू शकते. औषधाने जाते, पण तिखटाला दोष देत बसू नकोस.

आपल्याकडच्या दमट हवेत अंग घामाने चिंब आणि तोंड मात्र वाळवंट, हे काय गौडबंगाल, असं बाबा विचारत होते. रात्री नाक चोंदतं आणि आई तोंडाने श्वास घेते, वर पंखा थेट तोंडावर. तो जरा फिरवा. उशाशी तांब्या असू दे, पण घोटच घे, तांब्याभर प्यालीस तर रात्रभर न्हाणीच्या फेऱ्या. केमिस्टकडे कृत्रिम लाळेचं जेल मिळतं, निजताना तेच लाव.

भाकरी आमटीत कुस्कर, सकाळी पेज आहेच. तळलेली सुरमई घशात अडकते म्हणालीस ना? मग थोडे दिवस कालवणच कर. बाबा कुरकुरतील, कुरकुरू देत.

दातांच्या डॉक्टरांची वेळ या आठवड्यातच घ्या. फ्लोराइड जास्त असलेली पेस्ट आईला चालेल का, तेही विचारा आणि ते काय म्हणाले ते मला रात्री फोनवर सांगा.

तुमची,
मनू