सभागृहातील एसीचे व्हॉल्व्ह सरसकट बदलण्याआधी

प्रति,
मा. अध्यक्षसाहेब, व्यवस्थापन समिती,
टिळकवाडी, बेळगाव

विषय: चिल्ड वॉटर लाइनचे कंट्रोल व्हॉल्व्ह

स.न.वि.वि.

सभागृहातल्या एसी युनिटांना थंड पाणी (चिल्ड वॉटर) सोडणारे सहाही कंट्रोल व्हॉल्व्ह बदलण्याचा प्रस्ताव समितीपुढे आहे. तो मंजूर करण्याआधी प्रत्येक व्हॉल्व्हची तपासणी करून घ्यावी, ही कळकळीची विनंती. व्हॉल्व्हचे पितळी अंग आणि त्यावर बसून तो उघडणारा-मिटणारा विजेचा अ‍ॅक्चुएटर हे वेगळे भाग आहेत. अ‍ॅक्चुएटर पाणी न काढता बदलता येतो. अंग बदलायचे तर लाइन बंद करावी लागते, पाणी काढावे लागते आणि नंतर हवाही काढावी लागते.

युनिट थंड करत नसेल तर आधी वाय-स्ट्रेनर (पाण्यातला गाळ अडवणारी गाळणी) उघडावा. दोन्ही बाजूंचे बॉल व्हॉल्व्ह बंद करून जाळी काढून धुतली की बऱ्याच तक्रारी तिथेच मिटतात. त्यानंतर थर्मोस्टॅट १८ अंशांवर ठेवून अ‍ॅक्चुएटरच्या टर्मिनलवर व्होल्टेज मोजावे. आपले अ‍ॅक्चुएटर २४ व्होल्टचे आहेत. २० च्या खाली मिळाले तर दोष ट्रान्सफॉर्मरचा किंवा वायरिंगचा. व्होल्टेज ठीक असेल तर तीन-चार मिनिटे थांबावे. थर्मल अ‍ॅक्चुएटर सावकाश उघडतो, पण घाईत तो ‘गेला’ असे ठरवले जाते. तरीही उघडला नाही तर वीज बंद करून तो काढावा आणि खालची पिन अंगठ्याने दाबून सोडावी. पिन सहज वर आली तर अंग ठीक, अ‍ॅक्चुएटर बदलावा. अडकून राहिली तर दोष आतला.

उलट तक्रार म्हणजे थर्मोस्टॅट बंद असूनही गारठा. तिथे प्रथम बायपास (व्हॉल्व्हला वळसा घालून पाणी नेणारी वाट) पूर्ण बंद आहे ना ते पाहावे, हे हमखास विसरले जाते. पंखा चालू ठेवून वीसेक मिनिटांनीही कॉइलमधून (युनिटमधल्या थंड पाण्याच्या नळ्यांमधून) बाहेर येणारा पाइप थंडच असेल तर सीट (व्हॉल्व्ह मिटतो तेव्हा झडप जिथे टेकते ती जागा) गळते आहे. ते अंग मात्र बदलावेच. स्पिंडलपाशी (झडप हलवणाऱ्या दांड्यापाशी) थेंब दिसत असतील तर फक्त ओ-रिंग किंवा दांड्याभोवतीचे ग्लँडचे पॅकिंग बदलले तरी पुरते. उद्यमबागेत लेथवर स्पिंडल करून मिळेलही, पण माप किंचित चुकले तरी सील टिकणार नाही. कंपनीचाच किट घ्यावा.

नवे अंग नुसत्या पाऊण इंची मापावर मागवू नये. तीन टनाच्या युनिटला ताशी सुमारे १.६५ घनमीटर पाणी लागते. केव्ही म्हणजे व्हॉल्व्हमधून किती पाणी सहज जाते ते सांगणारा प्रवाह-गुणांक; तो ४ असेल तर दाब साधारण ०.१७ बार घटतो, तो चालतो. केव्ही १.६ घेतला तर घट एक बारच्या वर जाईल आणि युनिट उपाशी राहील. बसवताना बाणाची दिशा पाहावी. अ‍ॅक्चुएटर आडव्याच्या खाली झुकू नये, नाहीतर पावसाळ्यात घामाचे पाणी त्यात उतरते.

मूळ दुखणे मात्र पाण्यात आहे. बंद लाइनला वरचेवर नवे पाणी लागणे म्हणजे कुठेतरी गळती आहे. नव्या पाण्याबरोबर प्राणवायू येतो, लोखंडी पाइप गंजतात आणि तो गाळ जाळीत व सीटवर बसतो. बोअरचे जड पाणी भरले तर क्षाराची भर पडते. म्हणून मेकअप लाइनला (नवे पाणी भरणाऱ्या नळाला) मीटर बसवावा, गळती शोधावी, लाइन फ्लश करून गंजरोधक रसायन घालावे. हे झाल्याशिवाय नवे व्हॉल्व्हही तसेच अडकतील.

तूर्त दोन अ‍ॅक्चुएटर, एक अंग, सहा जाळ्या आणि दोन पॅकिंग किट एवढेच मागवावे. तपासणी गणपतीपूर्वी व्हावी, कारण सभागृह तेव्हा सलग वापरात असते. प्रत्येक युनिटचा निकाल लेखी घेऊन मगच उरलेल्या खरेदीचा ठराव करावा.

आपला,
एक सदनिकाधारक