लॉगिन स्क्रीनवर अडकले होते, दादा थँक्यू

दादा, काल फोन ठेवला तेव्हा साडेबारा वाजले होते, धड थँक्यूही म्हटलं नाही, म्हणून आता लिहितेय आणि सगळ्यांसमोर लिहितेय, कारण असं अजून कुणाचं झालं तर त्यालाही उपयोग होईल.

जुना लॅपटॉप, त्यावर झुबुंटू १८.०४ (विंडोजऐवजी चालणारी लिनक्स सिस्टिम), सकाळी प्रोजेक्ट रिपोर्ट द्यायचा आणि पासवर्ड टाकला की स्क्रीन क्षणभर काळी होऊन परत लॉगिनच समोर. दहा वेळा तेच. दुकानवाल्याने तर न बघताच सांगून टाकलं, फॉरमॅट मारावा लागेल.

आणि तू पहिलं काय विचारलंस, तर मुद्दाम चुकीचा पासवर्ड टाक, काय होतं बघ! मला वाटलं चेष्टा करतोयस. टाकला तर पासवर्ड चुकला असा सरळ मेसेज आला, स्क्रीन काळी वगैरे काही नाही. मग तू म्हणालास, म्हणजे बरोबर पासवर्ड तो ओळखतोय, आतही घेतोय, डेस्कटॉप उभा राहताना गळपटतोय. तिथेच माझा अर्धा जीव भांड्यात पडला.

मग कंट्रोल अल्ट एफ१ दाबून नुसत्या कमांड टाइप करायच्या काळ्या स्क्रीनवर लॉगिन, ते लगेच झालं. आधी डीएफ कमांड मारून डिस्क फुल नाही ना ते बघायला लावलंस कारण त्यानेही असंच होतं म्हणे, जागा भरपूर होती. मग फाइली मालकाच्या नावासकट दाखवणारी एलएस मायनस एलए, आणि डॉट एक्सऑथॉरिटी फाइलसमोर रूट रूट, म्हणजे सिस्टिमचा सर्वाधिकारी! माझ्याच घरातल्या फाइलच्या सातबाऱ्यावर रूटचं नाव. त्या फाइलीत म्हणे एक कुकी, म्हणजे गुप्त खूण असते, ती दाखवली की स्क्रीन सांभाळणारा एक्स सर्व्हर बाकीच्या प्रोग्रामना स्क्रीनवर येऊ देतो, आणि मलाच ती वाचता येत नव्हती. (तिचं नाव एमआयटी मॅजिक कुकी, एक्सचा जन्म १९८४ साली अमेरिकेतल्या एमआयटीतला म्हणून, हे रात्री बाराला सांगणारा तूच.)

"तारीख बघ, परवा रात्री काय केलंस?" मग कबूल करावं लागलं. चुकून त्या काळ्या स्क्रीनवर गेले होते, एफ७ ने परत येता येतं हे माहीत नव्हतं, म्हणून सुडो लावून, म्हणजे रूटच्या अधिकाराने, डेस्कटॉप सुरू करणारं स्टार्टएक्स मारलेलं, त्यातच ती फाइल रूटची झाली. मला सवयच, काही अडलं की सुडो. डेस्कटॉप आला म्हणून खूश होऊन झोपलेपण. तू ओरडला नाहीस, फक्त हसलास, बराच वेळ.

फाइल डिलीट न करता नाव बदलायला लावलंस, तेही सुडो न लावता, कारण फोल्डर माझाच आहे. मग फाइंड कमांडने रूटच्या नावावरच्या बाकीच्या फाइली शोधल्या, डॉट कॅशमधे तीनचार निघाल्या, त्या मालक बदलणाऱ्या चाउनने माझ्या नावावर केल्या (इथे मात्र सुडो लागलं), एफ७, पासवर्ड, आणि झुबुंटूच्या डेस्कटॉपवरचा तो उंदीर दिसला!

रिपोर्ट दिला. आई विचारतेय रात्रभर फोनवर कोण होतं, नाशिकला आलास की जेवायलाच ये, तूच सांग तिला.