मुदत संपलेला अँटिव्हायरस ठेवू नका, हेही एकदा छापा

संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात तुमच्या पुरवणीत कॉम्प्युटर सुरक्षित कसा ठेवायचा यावर लेख आला होता. पासवर्डचं वगैरे सगळं पटलं, पण अँटिव्हायरसबद्दल एवढंच होतं की चांगला बघून टाका आणि निर्धास्त राहा. मी गेली कित्येक वर्षं ऑफिसातले कॉम्प्युटर सांभाळायचंच काम करतो, त्यामुळे ते "निर्धास्त" वाचून राहवलं नाही, म्हणून हे पत्र.

लेख आला त्याच दिवशी काकांनी लॅपटॉप आणून दिला, स्लो झालाय म्हणाले. बघतो तर खाली घड्याळाशेजारी दोन अँटिव्हायरस, एक फुकटचा आणि एक विकत घेतलेला, आणि त्या विकतच्याची मुदत संपून तीन वर्षं झालेली, आयकॉनवर लाल फुली. म्हटलं काका हा कशाला ठेवलाय, तर म्हणे "असू दे रे, काय खायला मागतोय का, थोडंफार तरी पकडेल की". टास्क मॅनेजर उघडून दाखवलं, त्या संपलेल्या अँटिव्हायरसची सर्व्हिस मजेत चालू होती आणि युजरच्या रकान्यात लिहिलेलं, सिस्टम. म्हणजे खुद्द काकांना स्वतःच्या लॅपटॉपवर जेवढे अधिकार नाहीत तेवढे त्याला, आणि तीन वर्षांत त्याची एकही चूक दुरुस्त झालेली नाही.

आता यात घाबरण्यासारखं काय, तर अँटिव्हायरस हाही शेवटी एक प्रोग्रामच आहे आणि त्याचं काम फार विचित्र आहे. आपण अनोळखी फाइल उघडत नाही, तो मात्र प्रत्येक फाइल उघडतो, कारण उघडल्याशिवाय आत काय आहे ते कळणार कसं. मेल आला, आपण अजून बघितलाही नाही, तोवर याने झिप सोडवली, त्यातली पीडीएफ वाचली, एखादी एक्सई, म्हणजे प्रोग्रामची फाइल, पॅक केलेली म्हणजे दाबून गुंडाळलेली असेल तर तीही उलगडली. असले शेकडो फॉरमॅट वाचणारा कोड बहुतेक सी नाहीतर सी प्लस प्लस या मेमरीची काळजी स्वतः न घेणाऱ्या भाषांमध्ये लिहिलेला, त्यात एखाद्या ठिकाणी फाइलने सांगितलेली लांबी न तपासता तशीच धरली की मेमरीत भलतीकडे लिहिलं जातं, आणि फाइल मुद्दाम तशी बनवली असेल तर तिच्यातला कोड चालतो, तोही अँटिव्हायरसच्या अधिकाराने. कुंपणच शेत खातं असं नाही म्हणणार मी, कुंपण बिचारं इमानदार आहे, पण त्याला भोक आहे आणि ते नेमकं खजिन्याच्या बाजूला आहे.

हे माझ्या मनाचे खेळ नाहीत. गूगलच्या प्रोजेक्ट झीरो या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणाऱ्या टीममधल्या टॅव्हिस ऑर्मंडीने 2016 मध्ये सिमँटेक कंपनीच्या अँटिव्हायरसमधल्या आणि तिच्याच नॉर्टनमधल्या चुका बाहेर काढल्या, त्यातली एक पॅक केलेली फाइल उलगडणाऱ्या कोडमध्ये होती आणि विंडोजवर तो कोड थेट कर्नलमध्ये, म्हणजे विंडोजच्या अगदी गाभ्यात, चालायचा. नुसता मेल पाठवला की पुरे, समोरच्याने क्लिकसुद्धा करायची गरज नाही. गंमत म्हणजे त्याने नमुना फाइल पासवर्ड लावलेल्या झिपमध्ये घालून कंपनीलाच पाठवली होती, तर त्याचा अंदाज असा की त्यांच्या मेल सर्व्हरने या धंद्यात सगळे वापरतात तो ठरलेला पासवर्ड लावून झिप उघडली आणि सर्व्हरच आडवा झाला! वर हेही निघालं की त्यांनी बाहेरून घेतलेल्या ओपन सोर्स लायब्ररी, म्हणजे इतरांनी लिहून सगळ्यांना खुला ठेवलेला तयार कोड, किमान 7 वर्षं अपडेटच केलेल्या नव्हत्या. जगाला अपडेट करा म्हणून सांगणारे हे लोक.

2017 च्या मे महिन्यात ऑर्मंडीला आणि त्याच टीममधल्या नॅटली सिल्व्हानोविचला विंडोजसोबतच येणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या अँटिव्हायरसमध्ये, विंडोज डिफेंडरमध्ये, तसलंच सापडलं. संशयास्पद जावास्क्रिप्ट (वेबपानांत असतो तो कोड) तपासायला डिफेंडर ती स्वतःच चालवून बघायचा, सिस्टमच्या अधिकाराने आणि सँडबॉक्सशिवाय (सँडबॉक्स म्हणजे बाकी कॉम्प्युटरपासून तोडलेली बंदिस्त जागा), म्हणजे बाँब खरा आहे का ते माजघरात बसून बघण्यातला प्रकार. मायक्रोसॉफ्टने काही दिवसांत दुरुस्ती दिली हे खरं, 2018 मध्ये डिफेंडर सँडबॉक्समध्ये चालवायची सोयही आणली. पण त्याच डिफेंडरच्या एका ड्रायव्हरमधली चूक 2009 पासून पडून होती ती 2021 मध्ये बुजली, बारा वर्षं कुणाच्या लक्षात नाही. आणि 2021 च्याच जानेवारीत डिफेंडरमधली आणखी एक चूक दुरुस्त झाली, ती तर दुरुस्तीच्या आधीपासून हल्लेखोर वापरत होते, त्यामुळे हे फक्त संशोधकांचे प्रयोग आहेत असं म्हणून सोडून देता येत नाही.

मग काढूनच टाकायचा का, असं काकांनीही विचारलं. नाही. साध्या माणसाला रोज गाठतात ते फसवे मेल आणि क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरमधून येणारी घाण, आणि त्यातलं बरंचसं अँटिव्हायरस अडवतो. माझं म्हणणं एवढंच की तो एकच ठेवा आणि चालू अवस्थेतला ठेवा. दोन ठेवले म्हणजे संरक्षण दुप्पट होत नाही, एकमेकांच्या पायात पाय घालतात ते वेगळंच, वर भोकं दोघांची. आणि अपडेट म्हणजे नुसती रोजची व्हायरसची यादी नव्हे, इंजिन आणि मूळ प्रोग्रामसुद्धा नवा व्हायला हवा, यादी आजची आणि प्रोग्राम पाच वर्षांपूर्वीचा असं मी कितीतरी मशीनवर बघितलंय, हिरवी टिक बघून माणूस खूष.

अर्थात सगळं आपल्याच गळ्यात मारणंही बरोबर नाही. 2024 च्या एप्रिलमध्ये अव्हास्ट या दुसऱ्या अँटिव्हायरस कंपनीच्या संशोधकांनी दाखवलं की ईस्कॅन या अँटिव्हायरसचं अपडेट साध्या एचटीटीपीवरून, म्हणजे कुलूप नसलेल्या वाटेने, यायचं, तर हल्लेखोर मधेच बसून ते पॅकेज बदलायचे आणि अँटिव्हायरस आपल्या हाताने मालवेअर आत घ्यायचा. कंपनीने ते 2023 च्या जुलैत बंद केलं म्हणा, पण तोवर जो शहाण्यासारखा वेळेवर अपडेट करत होता त्याने काय करायचं होतं? म्हणून विकत घेताना किंमत आणि किती टक्के व्हायरस पकडतो एवढंच न बघता अपडेट सुरक्षित वाटेने येतं का, फाइल तपासणारा भाग सँडबॉक्समध्ये आहे का, चूक कळवणाऱ्याला कंपनी उत्तर देते का, हे कुणीतरी विचारायला पाहिजे, आणि ते तुमच्यासारख्यांनी विचारलं तर कंपन्या उत्तरं देतील, मला एकट्याला कोण विचारतो.

तेव्हा पुढच्या पुरवणीत जुना अँटिव्हायरस काढायचा कसा एवढं तरी छापा, कारण ते वाटतं तेवढं सोपं नाही. काकांचा साध्या अनइन्स्टॉलने निघाला नाही, त्याच कंपनीचं वेगळं रिमूव्हल टूल डाउनलोड करून, दोनदा रीस्टार्ट केल्यावर गेला, आणि जाताना "तुमचा कॉम्प्युटर आता असुरक्षित आहे" असं सांगून गेला.

आपला,
एक नियमित वाचक