‘विठ्ठल’ची वेलांटी तपासणाऱ्या पॅकेजकर्त्यास

स. न. वि. वि.

तुम्हाला मराठीचं एक अक्षर वाचता येत नाही, हे ठाऊक असूनही हे पत्र मराठीतच लिहितोय. तुमच्या दुरुस्तीबद्दल गेल्या आठवड्यात इंग्रजीत चार ओळी पाठवल्या होत्या. त्यात ‘थँक यू’ दोनदा आलं आणि पुढे काही सुचेना. उरलेलं इथे लिहितो.

आमचं वाचनालय मंगळवेढ्याजवळच्या एका गावात आहे. देवघेवीच्या टेबलावर देणगीत आलेला, २ जीबी मेमरीचा जुना संगणक आहे. त्यावर विंडोजऐवजी लिनक्स, आणि मी पायथन या संगणकभाषेत लिहिलेली सभासदांची नि पुस्तकांची नोंदवही. पहिल्यांदा ती टीकेइंटर या पायथनच्या खिडक्या बनवायच्या साधनात केली होती, पण लिनक्सवर त्या खिडकीत मराठीचे फार हाल व्हायचे. ‘विठ्ठल’मधली वेलांटी व सोडून त्याच्या उजवीकडे जाऊन बसायची, आणि पहिला ठ पाय मोडून दुसऱ्याशेजारी उभा. पंढरपूर एवढं जवळ, त्यामुळे आमच्या सभासदांत अकरा विठ्ठल आहेत. अकराही जण अधू दिसायचे.

देखभालीचे पैसे घेणाऱ्या एका गृहस्थांना दाखवलं, तर म्हणाले, “नावं इंग्रजीत टाका की, काय बिघडतं?” पैसे मात्र त्यांनी मराठीतच मोजून घेतले.

मग तसंच दुसरं साधन सापडलं, डब्ल्यूएक्सपायथन. लिनक्सवर ते खिडक्यांचं काम जीटीके नावाच्या संचाकडे सोपवतं आणि अक्षरं पँगो नावाचा संच जुळवतो. पँगोला वेलांटी कुठे बसते ते कळतं. मूळ डब्ल्यूएक्सविजेट्स सी++ या दुसऱ्या संगणकभाषेतलं, ज्युलियन स्मार्ट यांनी १९९२ साली एडिंबरा विद्यापीठात सुरू केलेलं. पायथनसाठी त्याचा दुभाषा झालेलं डब्ल्यूएक्सपायथन रॉबिन डन यांनी वर्षानुवर्षं सांभाळलं. ही नावं शोधली की लगेच मिळतात. तुमचं नाव पॅकेजच्या माहितीत एका ओळीत असतं आणि ती ओळ कुणी वाचत नाही. मीही वाचली नव्हती.

विंडोज आणि मॅकवाल्यांना पिप या पायथनच्या आज्ञेने तयार माल मिळतो. लिनक्सवर तीच आज्ञा दिली की बहुतेक वेळा सगळा सी++चा डोंगर आपल्याच संगणकावर कंपाइल, म्हणजे यंत्राच्या भाषेत रूपांतरित, व्हायला लागतो. आमच्या यंत्राने ते एकदा मनावर घेतलं होतं. पंखा घाटात चढणाऱ्या एसटीसारखा घरघरत राहिला, मी जेवून आलो, आणि पडद्यावर शेवटचा शब्द होता ‘किल्ड’. तेव्हा कुठे कळलं, की तयार पॅकेज म्हणून एका ओळीत जे मुकाट बसत होतं ते कुणीतरी, म्हणजे तुम्ही, आधी बसून बांधलेलं होतं.

पायथन ३.१० आल्यावर सगळंच अडलं. जिथे पूर्णांक हवा तिथे अपूर्णांक दिला तर आधी पायथन गुपचूप छाटून घ्यायचं. आता थेट नकार. सभासदांची यादी उघडली की खिडकी गायब. एका जाणकाराला विचारलं. “कोड तुझा, चूक तुझी,” एवढंच उत्तर आलं, तेही दोन दिवसांनी. शेवटी बिचकत तुम्हाला लिहिलं.

तुम्ही काय काय दुरुस्त केलं ते मला पुरतं कळलेलंही नाही. एक चूक खरंच माझी होती, बाकीच्या आतल्या होत्या. माझी तुम्ही यादीत सगळ्यात शेवटी लिहिलीत, हे लक्षात आलं माझ्या.

पण पत्र त्यासाठी नाही. तुमच्या उत्तरासोबत एक चित्र होतं. दुरुस्तीची चाचणी तुम्ही ‘टेस्ट १, टेस्ट २’वर केली नव्हती. माझ्या तक्रारीतून नावं उचलून खिडकीत टाकली होती: विठ्ठल, ज्ञानेश्वर, कृष्णा. विठ्ठलच्या वेलांटीभोवती लाल गोल काढून विचारलं होतं, की तुझ्या टीकेइंटरच्या जुन्या चित्रात ही काठी अक्षराच्या उजवीकडे होती, आता डावीकडे आहे, बरोबर कोणती?

ज्याला ते अक्षर वाचताच येत नाही, त्याने दोन चित्रं शेजारी ठेवून रेघन्‌रेघ ताडून पाहिली होती. यादी उघडत होती, काम तिथेच संपलं होतं. काठी कुठे आहे याची चौकशी तुमच्या गळ्यात कुणी बांधली नव्हती. आमच्याकडे रेशनकार्डापासून सातबाऱ्यापर्यंत नावाची मोडतोड झाली तर “चालतंय की” म्हणतात, आणि पुढची दहा वर्षं त्या माणसाने प्रतिज्ञापत्रं करत फिरायचं. मी स्वतः वाचनालयाच्या पावत्यांवर ‘ज्ञानेश्वर’चा ‘ज्ञा.’ करून वेळ मारून नेलेली आहे. तुमचं चित्र पाहिलं आणि त्या पावत्या आठवल्या.

ते चित्र छापून टेबलामागच्या भिंतीवर लावलंय. अकरांपैकी सगळ्यात वयस्कर विठ्ठलआबा पेपर वाचायला रोज येतात. त्यांनी चष्मा वर करून पाहिलं आणि विचारलं, “आमच्या नावाला लाल गोल कशापायी? थकबाकी हाय का काय?”

बरोबर कोणती, याचं उत्तर इंग्रजी पत्रात घाईत राहून गेलं. डावीकडची.

आपला,
एक वाचनालयवाला

ता. क. माझी ती चूक: रुंदीला तीनने भागताना आता दोन तिरप्या रेघा टाकल्या आहेत, म्हणजे उत्तर पूर्णांकच येतं. तपासून घेतलंय.