दाढ काढायच्या आधी हाडाचं पण विचारा

संपादक महोदय, सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात आपल्या पेपरात मोफत दंत शिबिराची बातमी होती, किती जणांचे दात काढून दिले त्याचा आकडा पण छापला होता. चांगलंच आहे, दाढ ठणकत असली की रात्र कशी जाते ते मला माहीत आहे. पण दात काढल्यावर त्या जागेवरचं हाड झिजते याबद्दल एक ओळ नव्हती, आणि मला ते कळायला 3 वर्षं लागली म्हणून हे पत्र लिहून राहिले.

माझी खालची डावीकडची दाढ होती, किडून अर्धी फुटलेली, रूट कॅनल करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. घराजवळच्या एका क्लिनिकमधे 600 रुपयांत काढून टाकली. सुन्न केलं होतं त्यामुळे दुखलं काहीच नाही, फक्त पक्कड लावून हलवून हलवून ओढली तेव्हा कानात करकर आवाज आला. स्टीलच्या ट्रेमधे दाढ पडली होती आणि तिच्या एका बाजूला नखाएवढी पांढरी चकती चिकटलेली. मला वाटलं दाढेचाच तुकडा असेल. कापसाचा बोळा दाबला, गोळ्या लिहून दिल्या, आईस्क्रीम खा म्हणाले, झालं.

यावर्षी तिथे इम्प्लांट, म्हणजे हाडात स्क्रू बसवून त्यावर नकली दात, बसवायला म्हणून दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी सीबीसीटी स्कॅन (जबड्याचा थ्री-डी एक्स-रे) करायला लावला आणि स्क्रीनवर जबड्याचा आडवा काप दाखवला, खाली रुंद आणि वर निमुळता, वरच्या बाजूला जेमतेम 4 मिमी. स्क्रूच 4 मिमी जाड, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना कमीत कमी एक-दीड मिमी हाड लागते म्हणे. ती पांढरी चकती तेव्हा आठवली. ती दाढेची नव्हतीच, गालाकडच्या हाडाच्या भिंतीचा टवका होता.

डॉक्टरांनी जे समजावलं ते माझ्या भाषेत सांगते. माझं माहेर काटोलकडचं, शेताच्या धुऱ्यावरचं, म्हणजे बांधावरचं, बाभळीचं झाड मुळासकट उपटलं की पुढच्या पावसाळ्यात धुरा त्या जागी खचते हे लहानपणापासून पाहिलेलं. जबड्याचं तसंच. दाताला धरून ठेवणारं आतलं पातळ हाड दातासाठीच असते, दात गेला की शरीर त्याला ठेवत नाही. त्यात गालाकडची आणि ओठाकडची भिंत पातळ, समोरच्या दातांना तर बरेचदा 1 मिमी पण नसते, म्हणून जबडा बाहेरूनच आत बसत जाते. पहिल्या 6 महिन्यांत रुंदी साधारण 3 ते 4 मिमी कमी होते, उंची एक-सव्वा मिमी, आणि त्यातलं बरंचसं पहिल्या 3 महिन्यांतच. म्हणजे मी "बघू पुढे कधीतरी" म्हणत होते तेव्हाच सगळं होऊन गेलं होतं.

यावर उपाय दाढ काढायच्या दिवशीच असते. एक तर दाढ नीट काढणे, मुळं वेगवेगळी कापून, भिंत न फोडता. दुसरं, त्या खड्ड्यात बोन ग्राफ्ट म्हणजे हाडाची भर भरणे, जाड्या मिठासारखे दाणे असतात, वरून कोलॅजनचा पातळ पडदा आणि टाके. मग 4 ते 6 महिने थांबून इम्प्लांट. याने झीज पूर्ण थांबत नाही हं, कमी होते, पण माझ्यासारखीला तो एक-दोन मिमीच पुरला असता. आता मला हिरडी उघडून वेगळं ऑपरेशन करून हाड वाढवावं लागून राहिलं, खर्च वेगळा आणि सूज वेगळी.

आणखी एक गोष्ट कोणी स्वतःहून सांगत नाही. हे दाणे कशाचे? बरेचदा गाई-बैलाच्या हाडावर प्रक्रिया करून केलेले असतात, काही माणसाच्या दान केलेल्या हाडाचे, आणि काही पूर्ण सिंथेटिक. ज्याला चालते त्याला चालते, पण आमच्या घरी सासूबाईंना हे नंतर कळलं असतं तर काय झालं असतं विचारू नका. डबा दाखवा म्हणायचं, त्यावर लिहिलेलं असते.

सगळ्यांनाच ग्राफ्ट लागते असं पण नाही. अक्कलदाढ काढली तर कशाला पाहिजे? तिथे कोणी पॅकेज गळ्यात मारत असेल तर सरळ उठून मेडिकल कॉलेजच्या आवारातल्या शासकीय दंत महाविद्यालयात जाऊन दुसरं मत घ्यावं. आणि खर्रा, तो तंबाखू-सुपारीचा. खड्ड्यात रक्ताची गुठळी होते त्यातूनच पुढे हाड भरते, तंबाखूने तीच बिघडली की दोन-तीन दिवसांनी असा ठणका सुटते की माणूस भिंतीला डोकं आपटते. त्या दिवशी क्लिनिकच्या बाकावर एक भाऊ गालाला बर्फ लावून बसले होते, शर्टाच्या खिशातून खर्ऱ्याची पन्नी डोकावत होती. आता काय बोलावं!

हाडं ठिसूळ झाली म्हणून ज्यांना गोळ्या किंवा वर्षाचं इंजेक्शन सुरू आहे त्यांनी तर दात काढायच्या आधी ते सांगितलंच पाहिजे, जबड्याची जखम भरत नाही कधीकधी.

शिबिर घेणाऱ्यांकडून फुकटात ग्राफ्टची अपेक्षा नाही, तेवढा पैसा कुठून आणतील. पण खुर्चीवर बसवायच्या आधी "इथे पुढे इम्प्लांट करायचा विचार आहे का" एवढं विचारायला काही लागत नाही. मला कोणी विचारलं असतं तर मी चार दिवस पेनकिलरवर काढले असते आणि पैसे जमवून मग दाढ काढली असती. पुढच्या शिबिराची बातमी छापाल तेव्हा आकड्याच्या खाली हा प्रश्न पण छापा, ही विनंती.

आपली,
एक वाचक, महाल, नागपूर