तुम्ही शिवून दिलं नाहीत म्हणून

मालवण,
तुळशीच्या लग्नाचा दुसरा दिवस

शिंपीकाकांस,
सा. न. वि. वि.

हे पत्र तुमची नात तुम्हाला वाचून दाखवेल. मधले मालवणी बोल तुमच्याच ठेक्यात वाच, असं तिला बजावून ठेवलंय. सगळ्यांसमोर लिहिते आहे, कारण तोंडावर आभार मानायला दोनदा दुकानात आले आणि दोन्ही वेळा तुम्ही "चाय घेतंस?" म्हणून विषय मोडलात. शिवाय मे महिन्यापासून सात-आठ जणींनी विचारलंय, बाळाला पुढे बांधायचं ते कॅरियर कुठलं घेतलंस म्हणून. नुसतं नाव सांगून भागत नाही आणि गोष्ट सांगायला बसलं की हातातली कामं राहतात.

तर काका, बाळाला अंगावर बांधायची झोळी तुम्ही मला शिवून दिली नाहीत, त्याबद्दल आभार.

तेव्हा माझी अवस्था काय होती ते तुम्हाला पुरतं माहीत नसेल. बाळ फेब्रुवारीतलं. मे महिन्यात आमच्या तिन्ही खोल्या पाहुण्यांनी भरलेल्या, नवरा सुट्टी संपवून मुंबईला गेलेला, सासूबाईंचे गुडघे धरलेले. सकाळी घावण्यांचं पीठ ढवळताना एका हातात बाळ. खाली ठेवलं की भोंगा. नणंदेने हौसेने एक कॅरियर पाठवलं होतं, खोक्यावर हसऱ्या बाळाचं चित्र असलेलं. त्यात दोन मांड्यांच्या मधे जेमतेम चार बोटं रुंद कापड, पाय दोन्हीकडे लोंबते. बाळ त्यात लगेच झोपायचं, मान पुढे टाकून, हनुवटी छातीला टेकवून. मी म्हणायचे, बघा कसा शांत झोपलाय. तो शांतपणा आता आठवला की पोटात गोळा येतो.

मग मोबाइलवर दुसरा प्रकार दिसला: खांद्यावरून लांब कापड घ्यायचं, त्याचं टोक दोन कड्यांमधून ओवायचं आणि ओढून घट्ट करायचं. ऑनलाइन किंमत बघून मी डोकं चालवलं. घरात आईची सुती साडी होती, पडद्याच्या दोन कड्या हार्डवेअरच्या दुकानातून आणल्या आणि तुमच्याकडे आले. आले तीही कशी? दीर स्कूटी चालवतोय, मी मागे, बाळ त्याच लोंबत्या कॅरियरमध्ये आमच्या दोघांच्या मधे. हे लिहिताना लाज वाटते, पण लिहिते.

तुमच्या दुकानात तेव्हा पाय ठेवायला जागा नव्हती. जूनमध्ये मासेमारी बंद, त्याआधी होड्या वर ओढायच्या, म्हणून ताडपत्र्यांचा ढीग. तुम्ही कड्या हातात घेतल्यात, नखाने जोड चाचपलात आणि म्हणालात, "बाये, माका पोरांतला काय कळणा नाय. भारातला कळता." मग चिंधीची पट्टी त्या दोन्ही कड्यांत ओवून वाशाला टांगलीत, खाली दहा किलो तांदळाची पोटली अडकवलीत आणि हिसका दिलात. काही झालं नाही. मला वाटलं, झालं, आता माप घेतील. दुसऱ्या हिसक्याला जोडाजवळ केसाएवढी फट दिसली. तिसऱ्याला कडी उघडली आणि तांदूळ ताडपत्रीवरून घरंगळत दारापर्यंत गेले. तुमचा चेहरा जसाच्या तसा. "आज तो सा किलोचो. उद्या धा किलोचो होतलो. आणि पोर गप ऱ्हवणा नाय, उसळता."

ते तांदूळ आपण दोघांनी मिळून वेचले, आठवतंय ना?

वेचता वेचता तुम्ही सांगितलंत ते मी नंतर पडताळून पाहिलं. अशा कापडी झोळीसाठी मुद्दाम बनवलेल्या कड्या मिळतात. त्या सलग असतात, कुठेही जोड नाही. पडद्याची कडी पडद्याचं वजन पेलायला असते, एवढी साधी गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. मी म्हटलं, मग तशा कड्या मागवते, तुम्ही शिवा. तरी तुम्ही नाहीच म्हणालात. साडीचं सूत जुनं झालंय, उजेडात धरून बघ. धरली. घडीच्या रेषेवर कापड इतकं विरलं होतं की पलीकडचा रस्ता दिसत होता.

मग नणंदेचं कॅरियर तुम्ही उलटं केलंत. पट्टा जिथे कापडाला जोडला होता तिथे एकच टीप. दोन्ही बाजूंनी ताणल्यावर टाक्यांच्या मधून उजेड दिसला. शेजारची ताडपत्री ओढून तिचा कोपरा दाखवलात: पट्टा आत दुमडलेला, भोवती चौकोनी टीप, चौकोनात फुली, वर उलटी टीप. "होडयेक ह्या लागता, आणि पोराक एकच टीप?" तेव्हापासून कुठलीही पट्ट्याची वस्तू घेताना माझे डोळे आधी तो चौकोन आणि फुली शोधतात. नवऱ्याची लॅपटॉपची बॅगसुद्धा मी या परीक्षेत नापास केलीये.

बकलाचं तुमचं शास्त्र वेगळंच. लावताना कट् असा आवाज आला पाहिजे आणि लावल्यावर झटका दिला तरी पट्टा सरकता कामा नये. तोच पट्टा ओला करून पुन्हा ओढायचा, कारण आपल्याकडे घामाने आणि खाऱ्या हवेने सगळंच ओलं असतं. प्लास्टिक उन्हात राहून पांढरट पडलं असेल तर वस्तू फुकट मिळाली तरी घ्यायची नाही. कमरेच्या बकलाला पट्ट्याचा जास्तीचा फासा हवा, म्हणजे बकल निसटलं तरी भार एकदम खाली येणार नाही.

खरी गोष्ट मात्र काकींनी सांगितली. त्या दारात रातांबे फोडत बसल्या होत्या, हात मनगटापर्यंत लाल. "कडेर घे बघू तेका." घेतला. "आता पाय बघ." त्याचे पाय आपोआप माझ्या कमरेभोवती फाकले होते, गुडघे ढुंगणापेक्षा वर, अगदी बेडकासारखे. "असोच बसाक होयो. ता तुझ्या पिशयेत तो टांगलोहा." एवढं बोलून त्या पुन्हा रातांब्यांकडे वळल्या.

पुढच्याच आठवड्यात बाळाची चौदा आठवड्यांची लस होती. बालरोगतज्ज्ञांना विचारलं तर त्यांनी कागदावर इंग्रजी 'एम' काढून दाखवला. दोन टोकं म्हणजे गुडघे, मधला खळगा म्हणजे ढुंगण. पहिल्या महिन्यांत खुब्याची वाटी कोवळी असते. पाय सरळ लोंबते किंवा जुळवून ताणलेले राहिले तर खुब्याच्या सांध्यावर ताण येतो. मांड्या गुडघ्यामागच्या खळग्यापर्यंत कापडाने पेलल्या पाहिजेत. खुब्याच्या विकारावर काम करणारी 'इंटरनॅशनल हिप डिस्प्लेसिया इन्स्टिट्यूट' ही संस्थाही हीच बैठक सांगते. बाळाला दुपट्यात पाय जुळवून करकचून गुंडाळण्याबद्दलही डॉक्टर तेच म्हणाल्या. हे मी घरी सांगितलं तेव्हा काय झालं ते इथे लिहीत नाही. घरात बाळाला निजवायला टांगतात त्या झोळीच्या विषयाला तर मी हातच घातलेला नाही.

हनुवटीचं त्यांनी जास्त गांभीर्याने सांगितलं. लहान बाळाची श्वासनलिका अरुंद आणि मऊ असते, मान अजून सावरत नाही. हनुवटी छातीला टेकली की श्वासाची वाट दबते आणि बाळ रडत नाही, गप्प होतं. हनुवटीखाली आपली दोन बोटं मावली पाहिजेत. नंतर मी वाचलं की अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने मार्च 2010 मध्ये कापडी स्लिंगबद्दल, म्हणजे अंगावर बांधायच्या अशाच झोळ्यांबद्दल, जाहीर इशारा दिला होता: वीस वर्षांत निदान 14 बाळांचे मृत्यू, त्यातली 12 चार महिन्यांच्या आतली. पिशवीसारख्या झोळीत बाळ वळून अर्धगोल होतं, किंवा त्याचं नाक-तोंड कापडात अथवा आपल्याच अंगात दाबलं जातं. त्या रात्री मी नणंदेच्या कॅरियरचे पट्टे कात्रीने कापले. कुणाला देऊन टाकायचीही ती वस्तू नव्हती.

ब्रिटनमध्ये यासाठी पाच गोष्टींचा एक नियम सांगतात. झोळी घट्ट असावी, बाळाचं तोंड सतत दिसावं, मान वाकवली की त्याच्या कपाळाचा मुका घेता यावा, हनुवटी छातीपासून सुटी असावी आणि पाठीला आधार असावा. वाचलं आणि मला हसू आलं. "भार वर घे, अंगाक चिकटान घे, लोंबता ठेव नको," हे तुम्ही मला तांदूळ वेचताना सांगितलंच होतं, बाजारात डोक्यावर पाटी घेऊन जाणाऱ्या बायकांकडे बोट दाखवून. मुका घेता येईल इतकं वर म्हणजे तेच. बाळासाठी जे सुरक्षित तेच माझ्या कमरेसाठी सोयीचं निघालं. खाली लोंबणारं सहा किलोचं बाळ दहा किलोचं वाटतं.

शेवटी मी कमरेला रुंद पट्टा असलेलं बकलवालं घेतलं. बैठकीचं कापड लहान-मोठं करता येतं, म्हणून बाळ वाढलं तरी एका गुडघ्यापासून दुसऱ्यापर्यंत पुरतं. लांब कापड अंगाभोवती गुंडाळायचा प्रकारही छान असतो, नवजात बाळाला तर फारच. पण आपल्या मे महिन्यात पोटावर कापडाचे तीन थर म्हणजे मला आणि त्याला दोघांनाही घामोळ्या. आत फक्त मलमलचं झबलं घालते, कारण कॅरियर हाच एक कपडा आणि माझं अंग ही शेगडी. मधूनमधून मानेमागे हात लावून बघते, गरम किंवा ओलं लागलं की बाहेर काढते. चुलीपुढे आणि तळणीपुढे बांधत नाही. बांधलेलं असताना दूध पाजलं, तर पाजून झाल्यावर पुन्हा उभं, उंच घेते. नणंदेला त्याचं तोंड बाहेरच्या बाजूला हवं होतं. मान नीट सावरेपर्यंत मी आतच ठेवलं, आणि आताही तो पेंगायला लागला की आत वळवते.

ते नवीन घेऊन मी पहिल्यांदा तुमच्याकडेच आले, आणि चालत आले. स्कूटीवरून तुम्ही मागेच झापलं होतंत. सरकारी नियमही आहेच, 2022 साली निघालेला: चार वर्षांखालच्या मुलाला दुचाकीवर चालकाला जोडलेला सुरक्षा-पट्टा हवा, नऊ महिन्यांपासून पुढे हेल्मेट, आणि वेग ताशी 40 किलोमीटरच्या वर नाही. बाळाचं कॅरियर म्हणजे तो पट्टा नव्हे. ते चालण्यासाठी आहे.

तुम्ही चष्मा पुसून अर्धा तास ते पाहिलंत. शिवण उलगडून, बकल कानाशी नेऊन, पट्टा पाण्यात बुडवून. मी सहज म्हटलं, खांद्याचे पट्टे मला जरा लांब होतात, दोन बोटं आत घालून देता का? दुसऱ्यांदा नाही. "ह्येका सुई लावची नाय. सुयेचा भोक म्हणजे कापडाक जखम." आणि मग माझ्या पट्ट्याची अडकण सरकवून दाखवलीत. शिवण्याची गरजच नव्हती.

बाळ पट्टे चघळत होतं ते तुम्ही तेवढ्यात पाहिलंत. काकींच्या जुन्या लुगड्याचं मऊ कापड काढून, आत पातळ सुती भर घालून, दोन गाद्या शिवून दिल्यात, पट्ट्यावर टिचबटणांनी अडकवायच्या. म्हणजे शिवलंत, पण भार जाणार नाही अशा जागी. पैसे विचारले तर "चाय घेतंस?"

आता तो नऊ महिन्यांचा आहे, साडेआठ किलोचा. काल रात्री तुळशीच्या लग्नात मी त्याला पाठीवर बांधून फिरत होते, तो मागून हात काढून प्रत्येकाच्या पुढ्यातले चुरमुरे ओढत होता. डावीकडची गादी त्याने कुरतडून कुरतडून पार झिरझिरीत केली आहे. नवीन जोडी लागेल. पुढच्या आठवड्यात येते. कापड मी आणेन, चहाही मीच आणेन, आणि पैसे घेतले नाहीत तर काकींच्या रातांब्यांच्या डब्यात टाकून पळून जाईन.

आपली,
झिलाची आवस