गोट्याच्या मावशीला मनापासून थँक्यू

मावशी, समोर भेटलं की तुम्ही थँक्यू म्हणूच देत नाही, "पुरे गं आता" म्हणून विषय बदलता, म्हणून शेवटी हे सगळ्यांसमोर लिहितेय. आणि सगळ्यांनी वाचावं असंही वाटतंय, कारण कुत्र्याचं पिल्लू घरी आलं की सल्ले द्यायला ढीगभर लोक येतात, पण स्वतःची दुपार देणारं आणि रात्री फोन उचलणारं माणूस फार कमी जणांना मिळतं. मला तुम्ही मिळालात.

गोट्या दोन महिने पूर्ण झाल्यावर घरी आला आणि पहिल्या रात्री त्याने जो आवाज लावला तो आठवला तरी अजून पोटात तुटतं. जो तो सांगत होता रडू दे, एकदा उचललंस की डोक्यावर बसेल, दार लाव आणि झोप. तुम्ही आलात आणि एवढंच विचारलंत, "आजपर्यंत तो एकटा कधी झोपलाय का गं?" खरंच की, जन्मल्यापासून आई आणि भावंडांच्या अंगावर पडून झोपलेलं बाळ ते, एका दिवसात सगळी ऊब गेली, मग ते त्यांना हाका नाही मारणार तर काय करणार. तुमच्या सांगण्यावरून त्याचा क्रेट, म्हणजे झोपायचा पिंजरा, माझ्या पलंगाला चिकटवून ठेवला, आत त्याच्या आईच्या अंगाला पुसलेलं फडकं ठेवलं आणि रात्री तो कुरकुरला की मी फक्त हात खाली सोडायचे, तो नाक लावून वास घ्यायचा आणि परत झोपायचा. नंतर तो क्रेट रोज थोडा थोडा सरकवत कोपऱ्यात नेला तेव्हा त्याला कळलंसुद्धा नाही. आता तो स्वतःहून जाऊन झोपतो तिथे.

शी-शूचं तर तुम्ही इतकं सोपं करून दिलंत. झोपून उठला की बाहेर, खाल्लं की बाहेर, खेळून झालं की बाहेर, आणि मध्येच जमिनीला नाक लावून गोल फिरायला लागला की हातातलं काम टाकून बाहेर. पिल्लू जितक्या महिन्यांचं त्यात एक मिळवायचा, साधारण तितके तासच त्याला फार तर धरवतं, हा तुमचा हिशोब मी फ्रिजवर लिहून लावला होता. दोन महिन्यांच्या बाळाला रात्रभर थांब म्हणणं म्हणजे अन्यायच आहे, हे त्या हिशोबामुळे घरातल्या सगळ्यांना पटलं आणि रात्रीच्या पाळ्या लागल्या. रात्री नेताना मोठा लाईट लावायचा नाही, बोलायचं नाही, खेळायचं नाही, झालं की परत आत. दिवसा मात्र शू केली रे केली की तिथल्या तिथे कौतुक आणि खाऊ, घरात आल्यावर नाही, कारण तोपर्यंत त्याला वाटतं आपण घरात आलो म्हणून खाऊ मिळाला. फरशी पुसायला अमोनियावालं क्लीनर वापरू नको हेही तुम्हीच सांगितलंत, लघवीलाही तसाच वास असतो त्यामुळे त्याला ती जागा आपली वाटते, एन्झाइमवालं आणलं आणि त्या सोफ्यामागच्या कोपऱ्याचा प्रश्न सुटला. आणि कुणी "नाक घास त्याचं त्यात" म्हणालं की तुम्ही ज्या तळमळीने समजावता ना की मागाहून ओरडलं तर त्याला कशासाठी ओरडलं हे कळतच नाही, तो फक्त तुम्हाला घाबरायला शिकतो आणि मग लपून करतो, ते मी आता शब्द न् शब्द तसंच सांगते लोकांना.

पण मला सगळ्यात जास्त आभार मानायचेत ते चावण्याच्या दिवसांसाठी. ज्यांनी पिल्लू वाढवलेलं नाही त्यांना हे सांगून कळत नाही. २८ दुधाचे दात, सुईसारखे, आणि ते सगळे सतत तुमच्या हातात, घोट्यात, ओढणीत. माझे हात ओरखड्यांनी भरलेले होते, संध्याकाळ झाली की तो घरभर सुसाट पळायचा, वळायचा आणि झेप घेऊन पायाला लटकायचा, आणि मी खरंच घाबरले होते की हा आक्रमक होणार, मोठा झाल्यावर काय होईल. तुम्ही येऊन शांतपणे बसून बघत राहिलात आणि विचारलंत, "दुपारी झोपला किती?" आम्ही तर दिवसभर त्याला खेळवत होतो, दमला की शांत होईल म्हणून. तेव्हा कळलं की एवढ्या पिल्लाला दिवसाचे १८ ते २० तास झोप लागते, आणि झोप कमी पडली की लहान मूल जसं किरकिर करतं तसं हे चावतं. त्या दिवसापासून एखाद तास जागेपण आणि मग क्रेटमध्ये पडदा टाकून झोप, असं सुरू केलं आणि आठवड्याभरात संध्याकाळचं ते वादळ अर्ध्यावर आलं. दाताला शिवशिवतं म्हणून ओलं फडकं पिळून फ्रीजरमध्ये ठेवायचं आणि चघळायला द्यायचं, तेही तुमचंच.

आणि राणी! तुमच्या या कुत्रीचे आभार वेगळे मानायला हवेत. तिची सगळी लसीकरणं पूर्ण म्हणून तुम्ही तिला आमच्याकडे आणायला लागलात, आणि त्या म्हाताऱ्या पोरीने जे शिकवलं ते आमच्यापैकी कुणालाही शिकवता आलं नसतं. गोट्या तिच्या कानाला लटकला, तिने आधी तोंड फिरवलं, मग ओठ थोडा वर केला, मग एकदाच गुरगुरली, आणि तरी ऐकेना तेव्हा सरळ उठून दुसऱ्या खोलीत निघून गेली. मी उठायला लागले तर तुम्ही माझा हात धरून म्हणालात, "थांब, तिला सांगू दे, तिच्या भाषेत सांगतेय ती." चावलं की खेळ थांबतो, एवढाच धडा, भावंडांमध्ये पिल्लं हाच शिकतात, कुणी जोरात चावलं की दुसरं ओरडून खेळ सोडून देतं. मग मीही तेच केलं. दात लागले की आवाज न चढवता उठायचं, दाराबाहेर जायचं, थोड्या वेळाने परत यायचं. घरातल्या प्रत्येकाने तसंच करायचं, एकाने हसून हात पुढे केला की सगळं पाण्यात, हेही तुम्ही सगळ्यांना बसवून सांगितलंत, माझं ऐकलं नसतं कुणी, तुमचं ऐकलं.

लसीचं प्रकरणही आठवतंय. एकीकडे डॉक्टर सांगत होते लसीकरण पूर्ण होईपर्यंत खाली जमिनीवर सोडायचं नाही, दुसरीकडे सगळीकडे वाचायला मिळत होतं की साधारण ३ ते १४ आठवडे या काळात पिल्लू जे बघतं ऐकतं ते आयुष्यभर त्याला आपलं वाटतं आणि जे बघत नाही त्याला पुढे घाबरतं. दोन्ही खरं, मग करायचं काय? मला तर इतक्या लसी का हेही कळत नव्हतं. तुम्ही समजावलंत की आईच्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती सुरुवातीला लसीला काम करू देत नाही, ती कुठल्या पिल्लात कधी संपेल हे सांगता येत नाही, म्हणून २ ते ४ आठवड्यांच्या अंतराने डोस देत १६ आठवड्यांपर्यंत जायचं, मधला एकही डोस चुकवायचा नाही. पार्व्हो म्हणजे पिल्लांना उलट्या-जुलाब लावणारा जीवघेणा आजार, त्याचा विषाणू १९७८ मध्ये पहिल्यांदा ओळखला गेला आणि बघता बघता जगभर पसरला, तो मातीत कित्येक महिने टिकून राहतो, त्यामुळे डॉक्टरांचं म्हणणं अगदी बरोबर होतं. आणि तुम्ही त्यातूनच रस्ता काढलात, "पाय जमिनीला लावायचे नाहीत ना, मग कडेवर घे की!" मग काय, आपण दोघी त्याला चादरीत गुंडाळून फिरायला नेत होतो. बस, रिक्षा, शाळा सुटतानाचा गोंधळ, छत्री उघडणारे लोक, काठी टेकत येणारे आजोबा, हेल्मेट घातलेला माणूस, सगळं त्याने तुमच्या नाहीतर माझ्या कडेवरून बघितलं. कुणी हात लावायला आलं आणि त्याने मान मागे घेतली की तुम्ही न लाजता "आज नको" म्हणायचात, ते मला तेव्हा फार धीट वाटलं होतं. आज तो वरातीच्या बँडसमोरूनही शेपूट वर करून जातो.

ती उलट्यांची रात्र मी विसरणार नाही. दोनदा उलटी, मग पातळ शी, आणि खेळणं समोर धरलं तरी मान उचलेना. मला वाटलं सकाळी बघू. तुम्ही फोनवर आधी विचारलंत "हिरड्या बघ, गुलाबी आहेत का फिक्या, बोट लाव, ओल्या आहेत का चिकट?" चिकट होत्या. तुम्ही म्हणालात सकाळपर्यंत थांबायचं नाही, एवढ्याशा जिवातलं पाणी फार लवकर कमी होतं आणि न खाल्ल्याने साखरही उतरते, आणि घरातलं कुठलंही माणसांचं औषध द्यायचं नाही. दहा मिनिटांत तुम्ही चप्पल घालून खाली उभ्या. पार्व्होची टेस्ट निगेटिव्ह आली, पोटाचं इन्फेक्शन निघालं, सलाईन लागलं, आणि तोपर्यंत तुम्ही त्या बाकावर माझ्याशेजारी बसून होतात. सलाईन संपल्यावर त्याने शेपटीचं टोक जरासं हलवलं तेव्हा तुमच्याही डोळ्यात पाणी होतं, मी बघितलं.

आणि आता ते, जे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. मध्ये एक काळ असा आला की मी बाथरूममध्ये जाऊन रडत होते. झोप नाही, आंघोळीला वेळ नाही, डोळ्याआड झाला की काहीतरी तोंडात, आणि आपण हे का केलं, आपल्याला हे प्राणी जमतच नाही, असले विचार. ज्याला आपण इतक्या हौसेने आणलं त्याच्याबद्दल असं वाटतंय याची इतकी शरम वाटायची. तुम्हाला बोलले तेव्हा वाटलं आता ऐकून घ्यावं लागणार. तुम्ही म्हणालात, "खूप जणांना होतं हे, कुणी बोलत नाही एवढंच. राणीच्या वेळी मीही रडलेय." आणि गोट्याला उचलून, त्याचं खेळणं आणि पट्टा घेऊन सरळ तुमच्या घरी गेलात, मला म्हणालात दार लाव आणि झोप, संध्याकाळपर्यंत येऊ नकोस. मी झोपले मावशी. उठले तेव्हा अंधार पडला होता, आणि पहिल्यांदा मला त्याची आठवण येत होती. नंतर तुम्ही दर आठवड्याला एक दुपार त्याला नेत राहिलात, न मागता. लोक म्हणतात पिल्लू सांभाळायला मदत केली, पण मला माहितीये तुम्ही मला सांभाळलंत.

त्यामुळेच मग सगळी मजा दिसायला लागली. झोपेत चारही पाय धावतात आणि बारीक भुंकतो ते, उचकी लागली की स्वतःच दचकून बघतो ते, एक कान उभा राहिला आणि दुसरा कितीतरी दिवस पडलेलाच होता ते. पहिल्यांदा दारापाशी जाऊन बसला आणि वळून माझ्याकडे बघितलं, म्हणजे बाहेर जायचंय म्हणून विचारलं, तेव्हा मी ओरडतच तुम्हाला फोन केला होता! गालिच्यावर सापडलेला त्याचा तांदळाएवढा दुधाचा दात मी डबीत जपून ठेवलाय. आता ४२ पक्के दात आलेत आणि हात सगळे शाबूत आहेत.

आता तो आठवा महिना लागलाय ज्याबद्दल तुम्ही आधीच सांगून ठेवलं होतं. मी "बस" म्हटलं की तो खिडकीबाहेर बघतो. २०२० मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी गाईड डॉग, म्हणजे अंध माणसांना वाट दाखवणारे कुत्रे, होणाऱ्या पिल्लांवर केलेल्या अभ्यासात हेच दिसलं होतं, की पाच महिन्यांची असताना ऐकणारी पिल्लं आठव्या महिन्यात आपल्याच माणसाचं ऐकेनाशी होतात, अनोळखी माणसाचं मात्र ऐकतात, आणि हे वय सरलं की परत ताळ्यावर येतात. वाचून इतकं हायसं वाटलं. फक्त त्या हिशोबाने तुम्ही अनोळखी ठरत नाही, आणि तरी तुम्ही "बस" म्हटलं की तो बसतो, तर त्याचं कारण तुमच्याकडेच असणार, या रविवारी येऊन मलाही दाखवा.

आणि एक सांगायचंय, नाही म्हणायचं नाही. राणीला आता जिने चढवत नाहीत, तुम्हाला लेकीकडे जायचं असतं आणि तुम्ही तिच्यासाठी बेत पुढे ढकलत राहता, हे मला दिसतंय. तिची गादी आमच्याकडे खिडकीजवळ घालून ठेवलीये, तिच्या सांधेदुखीच्या गोळ्यांच्या वेळा मला लिहून द्या, आणि तुम्ही तिकीट काढा. रात्री फोन मी उचलेन.

तुमची,
गोट्याची आई